शंभराच्या वरचे पाच

गेल्या दिवाळीनंतर मी स्क्रू भरायचं यंत्र घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात चिमाबाई काम सोडून डिंगोऱ्याला निघून गेल्या.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आलं आहे, वाचलं असेल तर सोडून द्यावं. यंत्र अजून घ्यायचं आहे, चिमाबाई गाळ्यात उजव्या कोपऱ्यात घडी घातलेल्या पोत्यावर बसलेल्या आहेत, आणि मी, मोहित, वय सत्तावीस, शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा, आळेफाट्यावर चहाच्या टपरीवर ताठ मानेने उभा राहू शकतो आहे. इथून सुरुवात करू.

आमचा धंदा समजायला अवघड नाही. भोसरीच्या एका कारखान्यातून पत्र्याला मारायचे स्क्रू गोणीने येतात. ते आम्ही शंभर-शंभरच्या पाकिटात भरतो, वर ‘१०० नग’ असा स्टिकर लावतो आणि बोरीपासून घोडेगावपर्यंतच्या हार्डवेअरच्या दुकानांत पोचवतो. आम्ही म्हणजे मी आणि चिमाबाई. भरायचं काम चिमाबाईंचं, स्टिकर माझा. अकरा वर्षं त्या भरतायत. त्यातली पहिली सात वर्षं माझ्या वडिलांच्या काळातली. वडिलांनी मला धंदा सोपवताना दोनच गोष्टी सांगितल्या: शटरला ग्रीस लाव आणि चिमाबाईच्या कामात तोंड घालू नको. शटरला मी नियमित ग्रीस लावत आलो आहे.

चिमाबाईंना मी मावशी म्हणतो. वय साठीच्या आसपास, पण त्या विषयावर त्या बोलत नाहीत. सकाळच्या एसटीने डिंगोऱ्याहून येतात, पायातली चप्पल शटरबाहेर काढतात, गाळा देऊळ असल्यासारखं, आणि दिवसाला साठ पाकिटं भरतात. एकसष्ट कधी नाही, एकोणसाठही नाही.

तर दसऱ्याच्या आसपास जुन्नरहून नवाबभाईंचा फोन आला. नवाबभाईंचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे, आणि अलीकडे ते पॉलिहाऊस उभारणाऱ्या फिटर लोकांनाही माल देतात. म्हणाले, “मोहितभाई, दर महिन्याला तीन हजार पाकीट पाहिजे. सील मारलेलं. जमतंय का बोल, नाय तर चाकणवाला तयारच बसलाय.”

मी लगेच हो म्हणालो आणि नंतर भागाकार केला. माझ्या बऱ्याचशा निर्णयांचा क्रम असाच असतो. दिवसाला साठ म्हणजे महिन्याला पंधराशे. बाकीची दुकानं बाजूला ठेवली तरी अजून एक चिमाबाई लागणार होत्या, आणि त्या मिळत नाहीत. दोन मुली ठेवून पाहिल्या होत्या. एक मोजता मोजता मोबाईल बघायची, दुसरी मोबाईल बघता बघता मोजायची.

“यंत्र घ्यावं लागेल, मावशी,” मी म्हणालो. “वजन करून भरणारं. शंभर स्क्रूंचं जेवढं वजन, तेवढं पाकिटात टाकतं आणि थांबतं. मोजायचा त्रास नाही.”

त्यांनी हातातलं पाकीट पुरं केलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, “मंग म्या कशाला येऊ?”

प्रश्न साधा होता. मी म्हणालो, “बघू की.” आपल्याकडे ‘बघू की’ म्हणजे नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी पुढचं पाकीट घेतलं. त्या दिवशीसुद्धा साठच झाली.

आता यंत्र निवडायचं म्हणजे चौकशी आली, आणि आळेफाट्यावर चौकशी करावी लागत नाही, ती स्वतः चालत येते. इथे नाशिकची, नगरची, पुण्याची वाहनं थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला बोलायला विषय हवा असतो. दोन दिवसांत माझं यंत्र हा सार्वजनिक विषय झाला. कुणी म्हणालं, टोमॅटो निवडायचं मशीन घे, त्याची जाळी बारीक करून घे. एका ट्रकवाल्याने सांगितलं, स्क्रू विकतोस कशाला, चिकटवायचं रसायन वीक, म्हणजे मोजायचा प्रश्नच मिटतो. या सल्ल्यावर मी अर्धा दिवस गंभीरपणे विचार केला.

शेजारचे गॅरेजवाले हौशीराम मात्र वेगळे. ते प्रत्येक सल्ल्याची सुरुवात नम्रतेने करतात. “राव, तू शिकलेला माणूस, तुला मी काय सांगणार,” असं म्हणून त्यांनी पाऊण तास सांगितलं. सार असं की, त्यांचा मेव्हणा गोकुळ घोडेगावला फरसाण करतो, त्याच्याकडे वजनाने पाकिटं भरायचं मशीन आहे, आणि शेव काय अन् स्क्रू काय, मशीनला दोन्ही सारखेच. “आधी तिथं चालवून बघ. चाललं तर तसलंच घे. फुकटात ट्रायल व्हईल.”

मी पाच पाकिटं खिशात टाकून घोडेगावला गेलो.

गोकुळ हा फार भला माणूस. आज मला बघून रस्ता बदलतो, पण त्या दिवशी त्याने आधी चहा दिला, मग ओली भेळ दिली, मग मशीन पुसून दिलं. आम्ही दहा स्क्रू काट्यावर ठेवले. वीस ग्राम. म्हणजे शंभरांचे दोनशे. मशीन दोनशेवर लावलं. माझी पाच पाकिटं फोडून वरच्या डब्यात ओतली. मशीन थरथरलं, पन्हाळीतून स्क्रू हळूहळू पुढे सरकले, शेवटचे दोन-तीन अगदी विचार करून पडले, आणि एकामागून एक पाच पाकिटं तयार झाली. स्क्रूंना हळदीचा पिवळा रंग आला होता आणि वासाने भूक लागत होती, पण वजन अचूक.

आणि पन्हाळीत पंचवीस स्क्रू उरले.

“किती घातले व्हते?” गोकुळने विचारलं.

“पाचशे.”

“आन् निघाले किती?”

आम्ही पाची पाकिटं फोडून मोजली. मी मोजली, त्याने मोजली, मग त्याच्या बायकोने मोजली, कारण तिचा आम्हा दोघांवर विश्वास नव्हता. पाचशे. अधिक ते पंचवीस.

गोकुळचा चेहरा मी विसरू शकत नाही. ज्या यंत्रात पाचशे स्क्रू घातले आणि पाचशे पंचवीस निघाले, त्या यंत्राकडे तो ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने माणूस आपल्या डॉक्टरकडे बघतो. “म्हंजी ह्ये पंचवीस माज्या मशीनचे हायेत,” तो हळूच म्हणाला.

माझे स्क्रू आणि त्याच्या मशीनचे स्क्रू एकमेकांसारखे नाहीत, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण समोर पंचवीस स्क्रू पडलेले असताना दिसण्यावर कोण विसंबतो. त्याने मशीन उघडलं. मी डिप्लोमावाला म्हणून मदत केली. संध्याकाळपर्यंत आम्ही ते पूर्ण सुटं केलं. स्क्रूची एकही जागा रिकामी सापडली नाही. मग गोकुळला आणखी भयंकर शंका आली: आज पंचवीस पडले ते आपल्याला दिसले, आजवर जे पडले ते कुठे गेले? आतल्या खोलीत एका लग्नाचा चाळीस किलो चिवडा तयार होता. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढून आम्ही तो चाळीस किलो चिवडा परातीपरातीने तपासला. चिवड्यात लोखंड नव्हतं. शेंगदाणेही फारसे नव्हते, पण ते मी बोललो नाही.

मशीन पुन्हा जोडल्यावर आमच्याकडे दोन नट उरले. तो विषय आम्ही दोघांनीही वाढवला नाही.

ही बातमी माझ्याआधी आळेफाट्याला पोचली. मेव्हण्याने हौशीरामांना सांगितलं, हौशीरामांनी जे थांबतील त्यांना. दुसऱ्या दिवशी टपरीवर मला विचारण्यात आलं की स्क्रूंना पिल्लं किती दिवसांनी होतात. बेल्ह्याचा एक गंभीर गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाला, “पावणं, खरं सांगा, ह्ये सोन्यावर चालंल का?” मी ताठ मानेने उभा राहू शकत होतो, असं सुरुवातीला म्हटलं होतं. तो काळ इथे संपला.

मग मी ठरवलं की आता काम शास्त्राप्रमाणे करायचं, आणि यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीला फोन केला. त्यांनी आदेश नावाचा प्रतिनिधी पाठवला. आदेश माझ्याच वयाचा. शर्ट पँटमध्ये खोचलेला, बोलण्यात प्रत्येक वाक्याला एक ‘सर’. मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तो काय बोलला ते मला सांगता येणार नाही.

नंतर कळलं ते असं. यंत्रं दोन जातींची. एक नग मोजतं: वरून स्क्रू पडताना यंत्राचा डोळा बघतो आणि एक-एक धरतो. दुसरं वजन करतं. “डोळ्याचं घेऊ नका, सर,” आदेश म्हणाला. “तुमच्या स्क्रूला आटे आहेत. दोन एकमेकांत अडकून पडले की डोळ्याला एकच दिसतो. वजनाला ते फसवू शकत नाहीत. फक्त एका नगाचं वजन आम्हाला बरोबर मिळालं पाहिजे. तुमची भरलेली दहा पाकिटं नमुना म्हणून द्या. आम्ही शंभराने भागतो.”

मला हे पटलं. चिमाबाईंनी भरलेली दहा पाकिटं मी अभिमानाने त्याच्या हातात ठेवली.

चार दिवसांनी त्याचा अहवाल आला. कंपनीचा छापील कागद, खाली शिक्का. त्यात लिहिलं होतं की सुटा नग तपासला असता दोन ग्राम भरतो, आणि पाकिटातला नग तपासला असता दोन पूर्णांक एक ग्राम भरतो. शेरा: ‘ग्राहकाचा नग एकटा असताना हलका असून समूहात जड होतो.’

“असं होतं का?” मी फोनवर विचारलं.

“आत्तापर्यंत झालेलं नाही, सर,” आदेश प्रामाणिकपणे म्हणाला. “पिशवीचं वजन वजा केलंय. माल ओला असतो का?”

मी एक गोणी स्क्रू गच्चीवर चादरीवर पसरून दोन दिवस उन्हात वाळवले. हौशीरामांनी खालून हाक मारून विचारलं, “पापड का?” मी हो म्हणालो. वाळलेले स्क्रूही दोन ग्रामच भरले. माणसांचं असं होतं, एकटा असताना हलका आणि चारचौघांत जड, हे मी पाहिलं आहे. स्क्रूकडून ती अपेक्षा नव्हती.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. पंचवीस किलोच्या गोणीतून सव्वाशे पाकिटं व्हायला हवीत. आमची एकशे एकोणीस होत. दोन वर्षं मी भोसरीच्या त्या कारखान्याला दर महिन्याला मेल लिहीत होतो की तुमच्या गोणीत माल कमी असतो. मेल कडक असत. एकात मी ‘नैतिकता’ हा शब्द वापरला होता. आधी ते उत्तर देत नसत, मग दिलगिरी व्यक्त करू लागले, आणि गेल्या वर्षापासून तर वैतागून गोणीत मूठभर माल उगीचच जास्त टाकत होते. मी तो माझा विजय समजत होतो.

त्या दिवशी दुपारी मी चिमाबाईंच्या समोर बसलो. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्या भरत होत्या आणि ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. ते पुटपुटणं मी रोज ऐकत होतो, पंखा ऐकावा तसं. त्या दिवशी शब्द ऐकले.

“लाभ. येक, दोन, तीन, चार...” वीसपर्यंत. “ह्यो येक ईसा.” मग पुन्हा, “लाभ. येक, दोन...”

असे पाच विसा. पाच वेळा लाभ. प्रत्येक लाभाला एक स्क्रू.

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे मला माहीत होतं. पण तिथे लाभ म्हणजेच एक, आणि त्याच्या पुढे दोन येतात. चिमाबाईंच्या घरची रीत अशी की लाभ होतो, आणि मग एकपासून मोजायला सुरुवात होते.

“मावशी,” मी म्हणालो, “ह्या लाभाचा एक धरायचा ना?”

“लाभाला कसा धरायचा?”

“पण तो स्क्रू पाकिटात जातो ना. मोजायला नको?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डिप्लोमाची शंका घेतल्यासारखं बघितलं. “मोजल्यावर त्यो लाभ कसला, बाळा?”

मी पाच विसा, पाच लाभ, एकशेपाच, असा हिशोब मनात केला. मग अकरा वर्षांचा करायला लागलो आणि वर्षभराच्या आतच थांबलो. घोडेगावचे पंचवीस, अहवालातला जड नग, भोसरीच्या मेलमधली नैतिकता, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन बसलं. मी कारखान्याला एक मेल केला की आमची चूक होती, आमच्याकडे माल जास्त जात होता. त्यांनी उत्तर पाठवलं की दिलगीर आहोत, यापुढे काळजी घेऊ. त्यांनी बहुधा वाचलं नव्हतं.

यंत्र आलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आदेशने ते सुट्या नगाच्या वजनावर लावून दिलं: दोनशे ग्राम, शंभर नग, शंभरच. दिवसाला दीडशे पाकिटं सहज. चिमाबाई पहिले काही दिवस पाकिटांची तोंडं चिकटवत बसल्या. ओठ हलत नव्हते. मग एका सकाळी म्हणाल्या, “भात झोडायचं हाय. चार दिस लागतील.” जाताना त्यांनी पोत्याची घडी उचलून बरोबर नेली. भात झोडायला घरात पोतं नसेल असं नाही.

चार दिवसांचे दहा झाले. (सुरुवातीचं ते वाक्य आता वाचलंत तरी चालेल.)

अकराव्या दिवशी नवाबभाईंचा फोन. “मोहितभाई, पाकीट कमी भरतंय.”

“शक्यच नाही. मशीनचं आहे. शंभर म्हणजे शंभर.”

“तेच तर बोलतोय. शंभरच निघतात.”

ते समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगावं तसं. पॉलिहाऊसच्या दोन खांबांमधल्या एका गाळ्याला शंभर स्क्रू लागतात. फिटर वर चढतो, एक पाकीट घेऊन. वाऱ्यात, उन्हात, घामाच्या हाताने पत्रा बसवताना चार-पाच खाली चिखलात जातात. ते शोधायला कुणी उतरत नाही. “बाकीच्यांच्या पाकिटाला पोरांना परत खाली यावं लागतं. तुझ्या पाकिटाला कधी नाय यावं लागलं. म्हणून तर तुला ऑर्डर दिली ना भाई. आता तुझं पण तसंच झालं, तर चाकणवाला काय वाईट आहे? आठ दिवसांत बघ, नाय तर मला माफ कर.”

म्हणजे ज्या ऑर्डरसाठी मी चिमाबाईंना उठवलं, ती ऑर्डर चिमाबाईंनीच आणली होती, आणि तेही मला न सांगता, पाच-पाच स्क्रूंनी.

मी डिप्लोमावाला असल्यामुळे अजूनही मला वाटत होतं की हा प्रश्न आकड्याचा आहे. आदेशला बोलावून मशीन दोनशे दहावर लावलं. आदेश नियमाचा पक्का. म्हणाला, “सर, आत एकशेपाच तर वर एकशेपाच छापावं लागेल. स्टिकर खोटा नको.” मलाही ते योग्य वाटलं. एकशेपाच नग छापून दोनशे पाकिटं जुन्नरला पाठवली.

तीन दिवसांनी नवाबभाईंनी फोन केला. आवाज थकलेला होता. “पोरं बोलतायत, एकशेपाच तर आमच्या हक्काचे झाले. वरचे कुठं आहेत?”

“पण नवाबभाई, लागतात शंभर, पडतात पाच.”

“मी बोललो तसं. ते बोलतात, छापलेलं धंद्याचं. चिमाबाईचं वेगळं होतं.”

“त्यांना चिमाबाई कशा माहीत?”

“नाव मी घेतलं, त्यांना नाय माहीत. पण कुणीतरी बाई हाताने टाकते, येवढं कळत होतं त्यांना.”

फोन ठेवून मी मशीनसमोर जाऊन बसलो. पडद्यावर हिरव्या अक्षरांत १०५ लिहिलेलं होतं आणि ते बरोबर होतं. मी एकशेदहा लावलं असतं तर तेही बरोबर आलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात पोरांनी वरचे मागितले असते. या वाटेने मी किती लांब जाऊ शकतो याचा अंदाज घेतला. एका पाकिटात एक गोणी, इथवर जाता येत होतं.

मग मी डिंगोऱ्याला गेलो.

घरामागच्या खळ्यावर भाताची रास होती. चिमाबाई पदर खोचून मापाने पोत्यात भात भरत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत, कारण मोजणं मध्ये तोडायचं नसतं. मी बांधावर बसून राहिलो. शेवटचं माप पडल्यावर हात झटकत म्हणाल्या, “पावणं कसं काय इकडं? मशीन बिघाडलं व्हय?”

“मशीन उत्तम आहे, मावशी.”

“मंग?”

मी सगळं सांगितलं. फिटर, चिखलात पडणारे पाच, छापलेले एकशेपाच, आणि पोरांनी मागितलेले वरचे. त्या ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये राशीतला काडीकचरा वेचत होत्या.

“त्यांचं बरूबर हाय,” त्या म्हणाल्या. “छापल्याव कसं व्हईल.”

“मशीन शंभर भरेल. तुम्ही फक्त तोंड चिकटवायच्या आधी वरचे टाका. तेवढं मशीनला जमत नाही.”

“का? पाच तर टाकायचे. त्याला काय अवगड?”

इतकं झाल्यावरही त्यांनी तोच प्रश्न विचारला होता, मी कशाला येऊ, फक्त उलट्या बाजूने. या वेळी मला उत्तर माहीत होतं. “ते मोजून टाकतं, मावशी.”

त्या हसल्या नाहीत. पण आत जाऊन चहा टाकला, आणि चहा पिता पिता माझ्या बापाविषयी दोन बऱ्या गोष्टी बोलल्या, म्हणजे जमलं. “भात आवरू दे,” एवढं म्हणाल्या. “आन् ते चिकटवायचं काम मला खुर्चीवर नगं. कंबार धरती.”

सोमवारी त्या आल्या. पोत्याची घडी जागेवर पडली. मशीन पुन्हा दोनशे ग्रामवर, वर स्टिकर पुन्हा १०० नग. पाकीट मशीनखाली काट्यावरच असतं तोवर त्या डब्यातून एक-एक असे पाच टाकतात, पाच वेळा “लाभ” म्हणतात. पाचव्या लाभाला मशीनवर लाल दिवा लागतो आणि ते ओरडायला लागतं.

“ह्ये का वरडतंय?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“वजन जास्त झालं म्हणतंय. चूक झाली म्हणतंय.”

“म्हनू दे. आमचं म्हातारं बी आसंच म्हनायचं.”

दिवसाला दीडशे वेळा ते ओरडतं. त्या दीडशे वेळा दुर्लक्ष करतात. नवाबभाईंचा परत फोन आलेला नाही, म्हणजे फिटर खाली उतरत नाहीत. आदेश महिन्याच्या तपासणीला आला, तेव्हा यंत्राच्या नोंदीत तीन हजार चुका होत्या. त्याने कंपनीला कळवलं की यंत्र व ग्राहक दोन्ही ठीक आहेत, बाकी समजत नाही. मला मात्र जाताना म्हणाला, “सर, स्टिकरचं एकदा वजनमापांच्या ऑफिसात विचारून घ्या. आत जास्त आहे म्हणून.”

विचारलं. टेबलामागचे साहेब शांत आणि सभ्य होते.

“वर किती छापलंय?”

“शंभर.”

“आत?”

“एकशेपाच.”

“तक्रार कोणाची?”

“कोणाचीच नाही.”

“मग आपण का आलात?”

मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “एकशेपाच छापा.”

“छापलं होतं. मग ते एकशेदहा मागतात.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. कमी भरणाऱ्यांची फाईल कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ती जाड होती. जास्त भरणाऱ्याची फाईल उघडावी लागली असती. “आपण एक अर्ज द्या,” ते म्हणाले.

“काय मागू अर्जात?”

“ते आपण ठरवायचं. आम्ही आलेल्या अर्जावर विचार करतो.”

मी बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. त्याची नक्कल पुढे देत आहे.

प्रति,
मा. अधिकारीसाहेब,
वजनमापे कार्यालय.

विषय: पाकिटातील पाच नगांची कोठेही नोंद न होणेबाबत.

महोदय,

अर्जदार आळेफाटा येथे स्क्रू भरून विकतो. प्रत्येक पाकिटात शंभर नग यंत्राने व पाच नग श्रीमती चिमाबाई, राहणार डिंगोरे, यांच्या हाताने पडतात. सदर पाच नग विक्रीचे नाहीत, भेटीचे नाहीत व चुकीचेही नाहीत. ते छापले असता नाहीसे होतात, हे अर्जदाराने दोनशे पाकिटांवर पडताळून पाहिलेलं आहे. तरी सदर पाच नगांची कोठेही नोंद घेऊ नये, व नोंद न घेतल्याबाबतचं प्रमाणपत्र कार्यालयाच्या शिक्क्यानिशी मिळावं.

तसंच, श्रीमती चिमाबाई यांचा उजवा हात प्रमाणित माप म्हणून धरून त्याची वार्षिक तपासणी व्हावी. तपासणीस त्या भातलावणी व झोडणीचे दिवस सोडून केव्हाही हजर राहतील. खुर्ची देऊ नये.

सदर मापाला पर्याय उपलब्ध नाही. अर्जदाराने यंत्रावर प्रयत्न केला, नंतर शटर अर्धं ओढून स्वतःच्या हातानेही केला, परंतु अर्जदाराच्या हातून पाचही वेळा एक, दोन, तीन असंच तोंडात आलं. श्रीमती चिमाबाई यांचं वय कार्यालयाने विचारू नये, त्या सांगत नाहीत. तथापि अलीकडे त्या एसटीतून उतरताना दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरतात. तरी त्या येईनाशा झाल्यावर हे पाच नग कोणी टाकावेत, याचा निर्णय कार्यालयाने आत्ताच घ्यावा, आणि तो होईपर्यंत त्यांना येण्यास मुदतवाढ द्यावी.